दस्तातली एक ओळ

वकिलांच्या कचेरीत विक्रीखताचा मसुदा वाचून दाखवला जात होता. बडोद्यातल्या दांडिया बाजारामागच्या गल्लीतल्या आमच्या घराचे ते विक्रीखत होते आणि लिहून देणारे आम्ही चौघे भिंतीला लावलेल्या बाकावर ओळीने बसलो होतो. वाचणारा मुलगा तरुण, पण सराईत होता. चतुःसीमा, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, मजले असा गुजराती मजकूर एका सुरात वाचत तो आमच्या नावांपाशी आला. नाव, वय, धंदा, राहणार अमुक ठिकाणी, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘भारतीय नागरिक’. माझे झाले, मग माझ्या काकांच्या तिघा मुलांपैकी मस्कतच्या दादाचे झाले, धाकट्या भावाचे झाले. ताईच्या नावापुढे तेच दोन शब्द आले तेव्हा ती किंचित पुढे सरकली आणि म्हणाली, “एवढं बदलावं लागेल. मी अमेरिकेची नागरिक आहे.” हे तिने गुजरातीतच सांगितले, बाजारात भाजी घेताना बोलावे तितक्या सहज गुजरातीत. मुलाने मान वर न करता पेन्सिलीने खूण केली, तिच्या पासपोर्टचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देते त्या ओ.सी.आय. कार्डाचा नंबर विचारून घेतला आणि वाचन पुढे सुरू झाले.

ती खरे तेच बोलली होती. न्यू जर्सीत राहून तिला आता एक आयुष्य झाले, तिथे तिने शपथ घेतली त्या दिवशी तिचा फोनही आला होता आणि काकूने इथे देवापुढे साखर ठेवली होती. तरीही ते वाक्य मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले. फोनवर ऐकलेली गोष्ट वेगळी आणि ज्या घरात ती जन्मली त्याच घराच्या कागदावर ती तशी लिहिली जाणे वेगळे. बाहेर पडल्यावर आम्ही सुरसागराच्या काठाने चालत आलो. पाऊस नुकताच थांबला होता, पाण्याचा तो हिरवट, शेवाळी वास रस्त्यापर्यंत येत होता आणि कोपऱ्यावर सेव-उसळीच्या गाडीवर रश्शाला उकळी फुटलेली होती. ताईने दोन प्लेट सांगितल्या, वर तर्री जास्त मागून घेतली. तिच्याकडे पाहून ती इथली नाही असे कोणी म्हटले नसते, आणि तिनेही स्वतःला इथली नाही असे कुठे म्हटले होते? तिने फक्त आपले नागरिकत्व सांगितले होते.

आमच्या घरात कागदांना माणसांपेक्षा नेहमीच उशिरा कळत आले आहे. विक्रीच्या निमित्ताने माळ्यावरची ट्रंक खाली काढली तेव्हा तारेला ओवलेली घरवेऱ्याची, म्हणजे घरपट्टीची, बिले निघाली. खालची पिवळी पडून कडांना भुगा झालेली, वरची संगणकावर छापलेली, पण नाव सगळ्यांवर एकच, आजोबांचे. ते जाऊन पन्नासहून अधिक वर्षे उलटली, तरी महापालिका त्यांच्याकडूनच वेरा मागत होती आणि आधी माझे वडील, मग काका, मग धाकटा भाऊ तो मुकाट्याने भरत होते. बिलांच्या खाली मोडीत लिहिलेला एक खरेदीचा कागद होता. तो आमच्यापैकी कोणालाच वाचता येईना, म्हणून मोडी येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे नेला. सरकार म्हणजे त्या कागदात गायकवाड सरकार.

आजोबा त्या सरकारचे प्रजाजन म्हणून जन्मले. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला राज्यघटनेतली नागरिकत्वाची कलमे, बाकीच्या घटनेच्या दोन महिने आधी, लागू झाली आणि आजोबा भारताचे नागरिक झाले. १ मे १९६० रोजी ते राहत होते तो मुलूख गुजरातमध्ये गेला. एवढ्या उलथापालथीत त्यांना कुठे अर्ज करावा लागला नाही की हात वर करून शपथ घ्यावी लागली नाही. ते आपल्या ओट्यावर बसून होते आणि राज्ये त्यांच्यावरून बदलत गेली. त्याच्याही आधी, गायकवाडांच्या फौजेमागोमाग कोकणातून इकडे आलेल्या आमच्या पूर्वजांनी मूळ गाव मागे टाकले होते. त्या गावी आज आमचा गुंठाभरही तुकडा नाही, पण घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर कुलदैवत तिथले असते आणि नव्या जोडप्याला तिथे नेऊन आणतात. बडोद्याच्या मराठी माणसाला राहते घर एकीकडे आणि मूळ दुसरीकडे ही अवस्था पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली आहे. ताईने न्यू जर्सीत गणपती बसवायला सुरुवात केली तेव्हा काका म्हणाले होते की आपल्या पणजोबांनीही इथे दुसरे काय केले होते.

पण पणजोबांना कोणी विचारले नाही की तुम्ही नक्की कोणाचे. ताईला विचारले गेले, आणि तिने उत्तर दिले.

या विचारात असताना एका संध्याकाळी कमाटी बागेत गेले होते. तिथल्या संकल्पभूमी या डॉ. आंबेडकरांच्या स्मारकापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची असा करार झाला. त्या कराराप्रमाणे ते १९१७ साली बडोद्यात आले आणि या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. अमेरिकेला पाठवण्याइतके ज्या शहराचे मन मोठे होते त्याच शहराच्या गल्ल्यांना, म्हणजे आमच्यासारख्यांच्याच गल्ल्यांना, त्यांना एक खोली देववली नाही. बत्तीस वर्षांनी, १० ऑगस्ट १९४९ रोजी, तेच संविधान सभेत नागरिकत्वाच्या कलमांवर बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले की एक अपवाद सोडला तर मसुदा समितीला या कलमाइतका ताप दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिलेला नाही. फाळणीत हलवली गेलेली माणसे, परदेशात स्थायिक झालेली माणसे, कोणाला आत घ्यायचे, कोणाला कुठल्या अटीवर, हे सगळे त्या कलमांत बसवायचे होते. आठव्या कलमात परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करून नागरिक होण्याची वाट ठेवली आणि नवव्या कलमात, जो स्वेच्छेने परक्या देशाचा नागरिक झाला तो भारताचा नागरिक असणार नाही, हेही स्पष्ट लिहिले. शेजारी दार उघडतात की लावून घेतात यावर ज्याचे राहणे अवलंबून होते त्या माणसाने हा मसुदा घडवला, याचे मला फार महत्त्व वाटते. शेजारी आणि नातेवाईक बदलले तरी जे टिकून राहील ते कायद्यात लिहून ठेवणे किती गरजेचे आहे, ते त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

लोकांचा एक समज बँकेतल्या नोकरीत मी वारंवार पाहिला. परदेशी नागरिकत्व घेतले तरी जोवर भारतीय पासपोर्ट हातात आहे तोवर आपण भारतीयच, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे परदेशाची शपथ घेतली की त्या क्षणी इथले नागरिकत्व आपोआप संपते. पासपोर्ट परत करणे ही नंतरची औपचारिकता आहे आणि तो परत न करता त्यावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. ताईने आपला पासपोर्ट रीतसर परत केला. रद्दचा शिक्का मारून तो तिला परत मिळाला, तो तिने यावेळी सोबत आणला होता. शिक्का नेमका फोटोच्या बाजूच्या पानावर, जन्मस्थळाच्या रकान्यावर थोडासा आलेला. जन्मस्थळ बडोदा, आणि त्यातला शेवटचा अक्षरभर भाग जांभळ्या शाईखाली. त्यावर बोट ठेवून तिने मला सांगितले की शपथेत इतर सर्व राष्ट्रांवरची निष्ठा पूर्णपणे सोडल्याचे म्हणावे लागते, आणि ते वाक्य म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे भारत सरकार आले नाही, काकाच आले. मग तिने शपथ का घेतली? मुले तिथली होती, नवऱ्याच्या आजारपणात व्हिसाच्या कागदांवर विसंबून राहणे तिला भयंकर वाटू लागले होते, आणि ज्या गावात आपण कर भरतो तिथल्या शाळांच्या मंडळासाठी आपल्याला मत देता येऊ नये हे तिला खटकत होते. यातले एकही कारण मला हलके वाटत नाही. २०२२ साली २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले, २०११ साली तो आकडा १,२२,८१९ होता, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यातल्या प्रत्येकाने देशाकडे पाठ फिरवली असे जे सहजपणे बोलले जाते त्याचा मला मनापासून त्रास होतो.

ओ.सी.आय. कार्डाने काय मिळते हे ताईच्या बाबतीत जवळून पाहिले. आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येते, कितीही राहता येते, घर किंवा दुकान विकत घेता येते. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. मात्र वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. काकांची डभोईकडे थोडी जमीन आहे. तिच्या सातबाऱ्यावर दोघा भावांबरोबर ताईचेही नाव लागले. ती जमीन ती हवी तितकी वर्षे राखू शकेल, पण लागून असलेले चिंचोळे शेत उद्या विक्रीला निघाले तर तिला त्यातला एक विघाही घेता येणार नाही, आणि स्वतःचा वाटा विकायचा झाला तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, तेही गुजरातच्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्यालाच, विकावा लागेल. हे मला पटते. जमीन कसणाऱ्याकडे राहावी या हेतूशी ते सुसंगत आहे. जे पटत नाही ते वेगळे. ओ.सी.आय. धारकांना कोणते हक्क असावेत हे बहुतांशी कायद्यात न लिहिता सरकारी अधिसूचनेवर सोडलेले आहे. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेने आधीच्या अधिसूचना रद्द करून नवी यादी दिली आणि संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण अशा कामांसाठी आधी खास परवानगी घेण्याची अट घातली. ज्या नात्याला आपण आजीवन म्हणतो त्याच्या अटी एका अधिसूचनेने बदलता याव्यात हे मला योग्य वाटत नाही. संसदेत चर्चा होऊन त्या कायद्यात लिहिल्या जाव्यात. दुहेरी नागरिकत्व मात्र मी मागणार नाही. ज्याने दुसरीकडे निष्ठेची शपथ घेतली आहे त्याने इथल्या सरकारचा निकाल ठरवू नये. त्या निकालाचे बरेवाईट परिणाम त्याला भोगायचे नसतात. ताईचेही हेच मत आहे, आणि ते तिने माझ्याआधी बोलून दाखवले.

दादाची गोष्ट अगदी उलटी. विशीत मस्कतला गेला तो तिथेच राहिला. तिथली मुलांची शाळा, तिथली दुकाने, तिथला समुद्र हेच त्याचे जग आहे, पण आखातात आपल्यासारख्यांना नागरिकत्व मिळत नाही. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की निघायचे. त्यामुळे त्याचा पासपोर्ट आजही भारताचाच आहे. २०१०च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येते, पण मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन स्वतः मतदान केंद्रावर उभे राहावे लागते. ७ मे २०२४ला बडोद्यात मतदान होते. दादाला रजा मिळाली नाही. जो कायद्याने पूर्ण भारतीय आहे, ज्याला म्हातारपणी परत येण्यावाचून दुसरा मार्गच नाही, त्याला पाच वर्षांतून एकदा मत देता येऊ नये, ही मला ताईच्या प्रश्नाहून मोठी उणीव वाटते आणि तिच्यावर फार कमी बोलले जाते. घर विकायलाही सर्वांत जास्त तोच नाखूष होता. “मला वरची मागची खोली हवी होती,” एवढेच तो म्हणाला. परतून येण्यासाठी त्याने मनात ती खोली राखून ठेवली होती. पण घराच्या मागच्या भिंतीला मोठी भेग गेली होती, सागवानी खांबांना वाळवी लागली होती, दुरुस्तीचा खर्च चौघांनी मिळून करण्याएवढा एकोपा आमच्यात नव्हता, आणि धाकट्या भावाला त्या घरात म्हातारपण काढणे शक्य नव्हते.

आता खरा अवघड भाग. अर्धे घर माझ्या वडिलांचे म्हणून माझे, अर्धे काकांचे. काका मृत्युपत्र न करता गेले. काकूही आता नसल्याने हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या वाट्याचे तीन सारखे भाग झाले, ताई, दादा आणि धाकटा भाऊ. मुलगी म्हणून ताईला कमी नाही आणि अमेरिकेची नागरिक म्हणूनही कमी नाही. वारसाहक्काला नागरिकत्व आड येत नाही, आणि परदेशी राहणाऱ्याला इथे राहणाऱ्याकडून वारसाने आलेली मालमत्ता बाळगण्याची मुभा परकीय चलनाच्या कायद्यातही आहे. म्हणजे कायद्याने तिचे नागरिकत्व शपथेच्या क्षणी संपवले, पण तिचे मुलगीपण जागचे हलवले नाही. घरात मात्र नेमके उलट घडले. तिच्या भारतीय असण्याबद्दल कोणालाही तिळमात्र शंका नव्हती. दिवाळीचा फराळ, राखी, मंगळागौरीचे फोटो, सगळ्यांत ती होतीच. शंका निघाली ती वाट्याबद्दल. “ताईंना काय कमी आहे? हक्क कमी करून दिला असता तर बरं झालं असतं,” असे धाकट्या भावाची बायको, वहिनी, माझ्याजवळ बोलून गेली. बहिणीने हक्कसोड लिहून द्यायची ही जुनी रीत, आणि बहीण परदेशी असली की ती मागणे सोपे जाते. तिकडे वकिलातीत किंवा नोटरीपुढे सही करायची, कागद इकडे आल्यावर मुदतीत मुद्रांक लावायचा, नोंदवायचा, झाले. कित्येक घरांत असे कागद काहीही न बोलता कुरिअरने जातात आणि सही होऊन परत येतात.

वहिनीला मी स्वार्थी म्हणणार नाही. काकांची शेवटची वर्षे तिने काढली. तिने एक वही ठेवली होती, शाळेतली रेघी वही. डावीकडे वेळ, मग औषध, मग लघवीचे माप, मग शेरा. रात्री अडीच, पावणेचार, पाच अशा वेळांपुढे तिचे अक्षर झोपेने खाली घसरत गेलेले दिसते. एका पानावर शेऱ्याच्या जागी लिहिले आहे, ‘बाबा ताईंचे नाव घेत होते’. ती वही मी हातात धरली तेव्हा मला दोन्ही बाजू एकदम कळल्या. ज्याने रात्री जागवल्या आणि जो दर रविवारी फोन करत होता, त्या दोघांचे एकतृतीयांश सारखेच. वारसा कायद्याला सेवा मोजता येत नाही. ते काम मृत्युपत्राने करायचे असते. काकांनी ते केले नाही, कारण मृत्युपत्र लिहिणे म्हणजे मुलांवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटायचे. किती घरांतले वडील असेच म्हणतात, आणि जे बोलायला त्यांना संकोच वाटला ते मग मुलांना सुनांसमोर, वकिलांसमोर, तलाठ्यासमोर बोलावे लागते.

ताईने हक्कसोडीला स्वच्छ नकार दिला. “बाबांची मुलगी होते म्हणून वाटा आहे, तो मी सोडणार नाही,” असे तिने सांगितले. पण पुढे तिनेच म्हटले की घराच्या दुरुस्तीचा, वेऱ्याचा आणि काकांच्या आजारपणाचा खर्च आधी काढून मग वाटे करायचे, आणि वहिनीच्या वर्षांचे काही वेगळे ठेवायचे. वहिनी पदराला हात पुसत आत निघाली होती, ती दारातच थांबली. “मला पगार नको होता, ताई. कोणी विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. कोणीच काही बोलले नाही. खर्चाचा हिशेब झाला, रक्कमही ठरली आणि वहिनीने ती घेतली. त्या दोघी आता बोलतात, पण पूर्वीसारख्या बोलत नाहीत. ताईच्या नकाराबद्दल माझ्या मनात अजूनही आदरच आहे. तिने सही केली असती तर सगळे तिला थोर म्हणाले असते, आणि पुढच्या मुलीकडे सही मागणे अधिक सोपे झाले असते.

कागदांचे पुढचे काम मी माझ्याकडे घेतले. पंचांसमोर पेढीनामुं, म्हणजे वारसांची वंशावळ, झाले, प्रॉपर्टी कार्डावर वारसाई नोंद चढली, जुन्या शहराच्या पुष्कळ भागाला अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या घरविक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा, लागू असल्याने कलेक्टरची परवानगी झाली. खरेदीदार मात्र एका गोष्टीने गांगरला. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याच्या पैशांतून त्याला एक टक्का कर कापायचा होता आणि ताई-दादांच्या पैशांतून भांडवली नफ्याच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून. ताई अमेरिकन आणि दादा भारतीय, पण प्राप्तिकराला सहसा नागरिकत्वाशी कर्तव्य नसते. माणूस वर्षात किती दिवस इथे राहिला ते तो मुख्यतः पाहतो, म्हणून दोघे एकाच रांगेत. नफा किती ते आधी दाखवून कमी कपातीचा दाखला काढता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि खरेदीदार थांबायला तयार नव्हता. त्यातून जुलै २०२४पासून आणखी एक भेद आला आहे. त्या महिन्याच्या २३ तारखेपूर्वी घेतलेल्या घरावर साडेबारा टक्के कर भरायचा की महागाईचा हिशेब धरून वीस टक्के, ही निवड इथे राहणाऱ्याला आहे, परदेशी राहणाऱ्याला नाही. एकच भिंत, एकाच वडिलांकडून आलेली, एकाच दिवशी विकलेली, आणि तिघा भावंडांत धाकट्याला जो पर्याय तो थोरल्या दोघांना नाही. ताईचे पैसे तिच्या एन.आर.ओ., म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या उत्पन्नासाठी असलेल्या, खात्यात गेले, तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडून. तिला नेण्याची घाई नव्हती. दादाचे बचत खाते मात्र इतकी वर्षे तसेच साध्या खात्यासारखे चालू होते. परदेशी गेल्यावर ते बदलून घ्यायचे असते हे माहीत नसलेली माणसे मी काउंटरपलीकडे रोज पाहिली आहेत, सुशिक्षित, सज्जन, नियम मोडण्याचा विचारही मनात नसलेली. कोणी तरी त्यांना निघतानाच सांगायला हवे होते.

काही वर्षांपूर्वी इंदूरला मावशीकडे गेले होते. २०२३च्या जानेवारीत तिथे झालेल्या प्रवासी भारतीय दिवसाच्या संमेलनासाठी शहराने रंगवलेल्या भिंती अजून ताज्या होत्या आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेतलेल्या कुटुंबांच्या आठवणी लोक कौतुकाने सांगत होते. ते कौतुक खरेच होते. तरी मला वाटले की अशा स्वागतासोबत प्रत्येक जिल्ह्यात एक अशी खिडकी हवी, जिथे परदेशी राहणाऱ्याला आणि त्याच्या इथल्या भावाला शेजारी बसवून वारसाई, कर, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांबद्दल कोणी शांतपणे समजावून सांगेल.

माझी मुलगी टोरांटोला असते. पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिल्याची अट तिची पूर्ण झाली आहे आणि गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारले, “आई, अर्ज करू का? कॅनडाला दोन पासपोर्ट चालतात, आपल्याला चालत नाहीत.” तिच्या आवाजात परवानगी मागितल्यासारखे काहीतरी होते आणि ते मला नको होते. मी तिला सांगितले की तुझे घर, तुझी नोकरी, तुझ्या लेकीची शाळा तिथे आहे तर जरूर कर. शपथ झाली की इकडचा पासपोर्ट लगेच परत कर, परत केल्याचा दाखला जपून ठेव, कारण ओ.सी.आय.साठी तो लागेल. बँकेचे खाते मी तू गेलीस तेव्हाच बदलून घेतले आहे. आणि बडोद्यातल्या अकोट्याचा फ्लॅट तुम्हा दोघा भावंडांत सारखा आहे, तू कुठलीही नागरिक झालीस तरी. मात्र मृत्युपत्रात मी एक कलम घालते आहे की माझ्या म्हातारपणात माझ्याजवळ जो राहील त्याचा खर्च आणि त्याच्या श्रमांची ठरवलेली रक्कम आधी निघेल, मग वाटे होतील, आणि ती रक्कम किती हे आपण तिघे आत्ताच बसून ठरवू. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “वहिनीलाही बोलाव. ती धरून चौघे बसू.” सूनबाईला मी त्याच संध्याकाळी विचारले. तिने दोन दिवस मागून घेतले आहेत, आकडा ती स्वतः सांगणार आहे.